तुमच्या गावात मी परदेशी

सयाजीगंज, बडोदे
गुरुवार, १२ जानेवारी १९६७

ती. बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार घालायला या निळ्या एरोग्राममध्ये जागा पुरत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच करते. हे माझं अकरावं पत्र. तुमचं अजून एकही नाही. आईच्या पत्राच्या शेवटी "हे ठीक आहेत, पेपर वाचताहेत" एवढंच येतं. सात महिने तुम्ही एकच पेपर वाचत बसला आहात की काय, अशी मला शंका येऊ लागली आहे.

तुमचा राग मला कळतो. लंडनच्या फार्मसी कॉलेजचा फॉर्म तुम्ही भरून ठेवला होता, फी विचारून झाली होती, कोट कुठला घ्यायचा तेही ठरलं होतं आणि मी परस्पर बडोद्याला फाइन आर्ट्सला अर्ज केला. "मातीचे गोळे वळायला समुद्र ओलांडून जायची काय गरज?" असं तुम्ही म्हणालात. पण बाबा, आपल्यात लपवाछपवी कशाला? तुमचा राग मातीवर नाहीच, बडोद्यावर आहे. ज्या गावच्या गोष्टी सांगून तुम्ही आम्हाला नैरोबीत वाढवलंत, त्या गावी एकदाही आणलं नाहीत. शेवटी मीच आले.

मोंबासाच्या धक्क्यावर तुम्ही घातलेली अट मी विसरलेले नाही. पाणीगेटला आपल्या पोळीत, म्हणजे त्या फाटकाच्या गल्लीत, कुणाचं दार वाजवायचं नाही आणि आपलं नाव सांगून सरोजिनीआत्याची चौकशी करायची नाही. "ते दार वीस वर्षांपूर्वी बंद झालंय," म्हणालात आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसलात. का बंद झालं, कुणी लावलं, काही नाही. मी "हो" म्हटलं आणि बोटीत चढले. ते "हो" मी आजपर्यंत पाळलं आहे.

आता इथली बातमी. शनिवारी उत्तरायण. आपली संक्रांत, पण इथे ती पतंगांची असते आणि तिच्यापुढे दिवाळीसुद्धा फिकी, असं सगळे सांगतात. हॉस्टेल आत्तापासूनच रिकामं व्हायला लागलं आहे. माझी खोलीसोबतीण पद्मा करजणला घरी निघाली, मलाही चल म्हणत होती. मी नाही म्हटलं. मेसही दोन दिवस बंद. वॉर्डनबाईंनी काळजीनं विचारलं, "तू एकटी काय करशील?" त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे लाल शाईनं "परदेशी विद्यार्थिनी" असं लिहिलेलं आहे. पोलिसांत नोंद आहे ती वेगळीच. गंमत बघा, तुम्ही ज्या गावात लंगोट लावून तालमीत घुमलात, त्या गावात तुमची मुलगी परदेशी!

सात महिन्यांत मी एकटी कुठेही गेले नाही, सदा चौघी-पाचजणींचा घोळका. म्हणून शनिवारी एकटीनं बडोदे बघायचं ठरवलं आहे. कमाटी बाग, रावपुरा, सूरसागर, फार तर न्यायमंदिर. त्याच्या पलीकडे जायचं काही कारणच नाही.

बाबा, एक ओळ लिहा. रागाची असली तरी चालेल.

तुमची,
निरुपमा


सयाजीगंज, बडोदे
शनिवार, १४ जानेवारी, संध्याकाळ

ती. बाबांना,

नमस्कार. हे पत्र एअरमेलच्या पातळ कागदांवर लिहिते आहे, कारण आजचा दिवस एरोग्रामच्या घडीत मावणारा नाही. माझी मान आखडली आहे, नाक सोललं आहे, बोटांना तीन ठिकाणी कापलं आहे आणि मी इतकी खूश आहे की समोर कुणी नसताना एकटीच हसते आहे.

सकाळी आठला निघाले. सयाजीगंजात एरवी रिक्षा, सायकली आणि कॉलेजच्या पोरांतून वाट काढत चालावं लागतं. आज रस्ता धुऊन ठेवल्यासारखा मोकळा. दुकानं बंद, बस नाही, माणूस नाही. मला वाटलं, चुकीचा दिवस निवडला, बघायला गावच शिल्लक नाही. तेवढ्यात डोक्यावरून एकदम आरोळी आली, "काइपो छे!" कापला! वर बघते तर सगळं बडोदं अगाशीवर! म्हाताऱ्या, पोरं, दाढीचा साबण तसाच राहिलेले गृहस्थ, कडेवर बाळ घेतलेल्या बायका, सगळे वर. एखादं गाव घरांच्या छपरांवर राहायला गेलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुम्ही सांगायचात तो काळ्या घोड्याचा पुतळा दिसला. त्याच्या कानात एक गुलाबी पतंग अडकला होता. विश्वामित्रीच्या पुलावर मी बराच वेळ मगर शोधली. एका आजोबांनी वरून ओरडून सांगितलं की आज मगरीलासुद्धा सुट्टी आहे. कमाटी बागेत माळी झारी बाजूला ठेवून स्वतःच पतंग उडवत होता. त्याला मी वाट विचारली, तर त्यानं माझ्याकडे न बघता पायानं दिशा दाखवली.

रावपुऱ्यात एक पोलीस भर रस्त्यात उभा राहून आकाशातली वाहतूक बघत होता. सूरसागरच्या पाण्यावर कापलेले पतंग तरंगत होते, लाल, हिरवे, पट्ट्यापट्ट्यांचे. तिथल्या पायरीवर बसून मी पद्मानं दिलेली चिक्की खाल्ली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इथे मला ओळखणारं एक माणूस नाही आणि तरी मला परकं वाटत नाहीये. रस्ते मला आधीच ठाऊक होते. कोठी झाली की रावपुरा, मग दांडिया बाजार डावीकडे सोडायचा... तुमच्या तोंडून इतकं ऐकलं आहे की माझे पाय मला न विचारता वळत होते.

न्यायमंदिरापर्यंत गेले. तिथून लहेरीपुरा दरवाजा दिसतो, म्हणून थोडी पुढे गेले. मांडवी दिसली, म्हणून आणखी थोडी.

बारा वाजले आणि भूक लागली. खानावळी बंद, हॉटेलं बंद, सेवउसळवालासुद्धा छपरावर. नुसती उभी होते, तर एका अगाशीवरून एका बाईंनी मला वर बोलावलं, उंधियो आणि जलेबी खायला घातली आणि हातात मांज्याची फिरकी दिली. सगळे त्यांना टीचरबेन म्हणतात. वय असेल पन्नाशीचं. बाबा, अशी पतंग उडवणारी बाई मी जन्मात पाहिली नाही! पदर खोचलेला, बोटांना चिकटपट्ट्या, डोक्यावर कुणाची तरी जुनी फेल्ट हॅट. दिवसभरात त्यांनी चौदा पतंग कापले.

बस्स, एवढंच. पाय फार दुखताहेत. बाकी सर्व क्षेम.

तुमची,
निरुपमा


सयाजीगंज, बडोदे
सोमवार, १६ जानेवारी

ती. बाबांना,

परवाच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही. अर्धं लिहिलं. ते पाकीट पेटीत टाकलं तेव्हापासून उरलेलं अर्धं लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा आता बसून घ्या. आईला हाक मारा, तीही ऐकू दे.

ती अगाशी पाणीगेटची होती. आपल्या पोळीतली.

मी कुणाचं दार वाजवलं नाही, बाबा. उत्तरायणाला वाजवायला दारंच नसतात, सगळी सताड उघडी आणि घरात चिटपाखरू नाही. मी नुसती पोळीच्या फाटकातून आत गेले आणि मधोमध उभी राहिले. तुम्ही कुठल्या घरात जन्मलात तेही मला ठाऊक नव्हतं. सगळी घरं थोडी थोडी बघितली, म्हणजे त्यात तुमचंही आलं असतं, असा हिशेब. बघायचं आणि परत फिरायचं. देवाशपथ, एवढंच ठरवलं होतं.

वरून आवाज आला, "एय बेन! कोने शोधे छे?" कुणाला शोधतेस?

आता या गावात रस्त्यावर गुजरातीत बोलायचं, हा नियम मला पहिल्याच आठवड्यात समजला आहे. आणि नैरोबीत पार्क रोडच्या क्वार्टर्समध्ये तुमच्या शेजारपाजारच्यांनी मला गुजराती फुकट शिकवली आहे. मी म्हटलं, "कोईने नहि, मासी. गाम जोवा नीकळी छुं." गाव बघायला निघाले आहे.

"नीचे शुं जोवानुं छे आजे? उपर आव!"

मी गेले. खाली बघण्यासारखं खरंच काही नव्हतं. टीचरबेननी मला आपादमस्तक न्याहाळलं, जेवलीस का विचारलं आणि उत्तराची वाट न बघता शेजारच्या कांचनबेनला ताट वाढायला सांगितलं. मग हातात फिरकी. मी बाहेरगावची, हॉस्टेलमध्ये राहते, एवढंच सांगितलं. कुठल्या गावची ते सांगायचं टाळलं. एकदाच घसरले. शेंगदाण्यांना आपण नैरोबीत म्हणतो तसं "जुगु" म्हणून बसले, तर सगळी अगाशी खो खो हसली. "आवी केवी गुजराती!" ही कसली गुजराती, म्हणत टीचरबेननी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण तेवढ्यात पलीकडच्या घरचा हिरवा पतंग अंगावर आला आणि त्या मला विसरल्या.

साडेचार तास, बाबा! साडेचार तास आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून गुजरातीत बोलत होतो. "ढील मूक," "लपेट," "थोडुं पाणी आप." मला वाटत होतं, काय छान गुजराती बाई आहे. त्यांना वाटत होतं, ही कुठल्या काठियावाडी खेड्यातली पोर.

पाचच्या सुमाराला त्यांचा पतंग लांब मांडवीच्या दिशेला होता आणि पेच लागला. त्यांनी दोर सरकन ओढला आणि तो चिकटपट्टीच्या बाजूनं बोटात घुसला. "आई गं!" त्या ओरडल्या.

"अगंबाई, केवढं रक्त!" मी ओरडले.

त्या माझ्याकडे बघताहेत, मी त्यांच्याकडे. पतंग आपला वाऱ्यावर.

"मराठी आहेस?"

"तुम्हीसुद्धा?"

"मग मेले, दुपारपासून माझ्याशी गुजरातीत काय बडबडते आहेस?"

"तुम्हीच सुरुवात केलीत!"

कांचनबेननी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, असं पोळीत दर महिन्याला एकदा होतं. एकदा तर दोन मराठी विहिणी अख्खी बैठक गुजरातीत करून उठल्या होत्या. सगळे हसले. टीचरबेनही हसल्या, बोट तोंडात घातलं आणि मग आपल्याकडे ठरलेला प्रश्न असतो तो त्यांनी विचारला.

"कुणाची गं तू?"

बाबा, तुम्ही मला विचारायला मनाई केली होती. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, असं काही म्हणाला नव्हतात. मी खूप घाईघाईनं आठवून पाहिलं, नव्हतात म्हणाला. आणि समोरचं माणूस कोण आहे ते मला खरोखर ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, "निरुपमा दीनानाथ कारखानीस. नैरोबीहून आले."

त्यांनी मान वर केली आणि दोर पुन्हा हातात घेतला. "फिरकी नीट धर," म्हणाल्या. मग त्यांनी तो पेच खेळला, आणखी एक खेळला, आणि आणखी एक. पहिले दोन पतंग कापले, तिसऱ्यात स्वतःचा गेला. सगळा वेळ चेहरा आभाळाकडे. सगळं बडोदंच वर बघत होतं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. मी मात्र अगदी शेजारी होते. त्यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

तीच माझी सरोजिनीआत्या.

खाली नेऊन तिनं मला पाटावर बसवलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "हा तुला. गोड बोलायचं तुझ्याशी. तुझ्या बापाशी बोलायचं की नाही, ते अजून ठरायचंय." मग एका दमात सगळं सांगितलं. तुम्ही जे वीस वर्षं सांगितलं नाहीत ते तिनं वाटीभर चहा निवायच्या आत सांगितलं. आई-वडील गेल्यावर, वैधव्य घेऊन माहेरी परत आलेल्या तिनं तुम्हाला मोठं केलं. तुमच्यासाठी लीला नावाच्या मुलीचं स्थळ आणलं, तिथी काढली, आमंत्रणं गेली. आणि तुम्ही लग्नाचा कोट शिवायला म्हणून मुंबईला गेलात ते मोंबासाला उतरलात! बाबा! आणि मी एक फॉर्म परस्पर भरला म्हणून सात महिने अबोला!

लीलाबाईंची काळजी करू नका. त्या सुरतेला असतात, दोन मुलगे आहेत. "तुझ्या बापापेक्षा वीतभर उंच नवरा मिळाला तिला," असं आत्या म्हणते.

मग तिनं कपाटातून तुमचं एकुलतं एक पत्र काढून दाखवलं. फेब्रुवारी सत्तेचाळीस. मी वाचलं. नैरोबीची हवा थंड आहे, दूध चांगलं मिळतं, एकदा रेल्वेच्या रुळांवर जिराफ आला होता. दोन पानं. पळून आल्याबद्दल अक्षर नाही. "मांडवात उभी राहून मी तीनशे माणसांना तोंड दिलं," आत्या म्हणाली, "आणि हा मला जिराफ सांगतो. काय उत्तर लिहायचं होतं मी? इथली गाय बरी आहे म्हणून?" मला हसू आलं. तिलाही आलं. मग ती परत रागावली.

तिनं दार लावलेलं नाही, बाबा. तिला तुमची एक ओळ हवी आहे. "ताई, चुकलो." एवढे दोनच शब्द. तिनं मला बजावून सांगितलंय, हवापाणी नको, जनावरं नकोत. ते दोन शब्द आले की ती बोलेल, तोपर्यंत नाही. मला मात्र दर रविवारी जेवायला बोलावलं आहे.

मी वचन मोडलं. त्याची जी शिक्षा द्याल ती घेईन. पण ती लिहून कळवावी लागेल.

तुमची,
निरू


पाणीगेट, बडोदे
रविवार, २९ जानेवारी

माझे प्रिय बाबा,

ती., सा. न. वगैरे सगळं आज राहू दे.

काल शनिवारी अकराच्या सुमाराला मी स्टुडिओत होते, कोपरापर्यंत माती. शिपाई सांगत आला, कुणी भेटायला आलंय. बाहेर कांचनबेनचे यजमान विश्रामभाई स्कूटर घेऊन उभे. एरवी बोलून कान किटवणारा माणूस, काल खाली बघून एवढंच म्हणाले, "चालो बेटा. टीचरबेनने त्यां तार आवी छे. आफ्रिकाथी."

"काय आहे तारेत?"

"खोली नथी." उघडली नाही.

पाणीगेटला तार म्हणजे काय असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. लग्नं पत्रिकेनं कळतात, जन्म पोस्टकार्डानं. तार एकाच बातमीची येते. मी हातसुद्धा धुतले नाहीत. स्कूटरवर मागे बसले आणि सगळ्या रस्त्यानं माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की माझी तेरा पत्रं तिकडे गेली आणि त्यांची एक ओळ माझ्याजवळ नाही. आता कधीच असणार नाही. विश्वामित्री कधी गेली, रावपुरा कधी गेला, मला कळलं नाही. मी तुम्हाला खूप शिव्या घातल्या, बाबा. आणि मग सगळ्या परत घेतल्या.

पोळीत शिरलो तर रेडिओ बंद. चुली विझवलेल्या. ओट्यांवर बायका पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या, एकीकडे आंघोळीचं पाणीसुद्धा काढून ठेवलेलं. पुरुषमाणसं फाटकाशी उभी. मला बघितल्याबरोबर एक म्हातारी हुंदका देऊन रडायला लागली, तिची मला ओळखही नाही. आत्या आपल्या पायरीवर बसली होती. मांडीवर बंद तार. तिच्या बोटांनी तारेच्या कडा मऊ पडल्या होत्या.

"तू वाच," ती म्हणाली. "माझ्यानं नाही व्हायचं."

मातीच्या हातांनी मी ती फाडली. इंग्रजी अक्षरं होती आणि मला ती लागेनात. बघावं तर प्रत्येक अक्षर कळतंय आणि शब्द इंग्रजी नाही. दोनदा वाचलं. मग मी मोठ्यानं वाचलं:

"ताई चुकलो तुझा दिना."

आत्या म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. ती म्हणाली, "म्हणजे आहे?"

"आहेत! अगं आत्या, आहेत! धडधाकट आहेत! तारऑफिसात जाऊन आलेत स्वतः!"

मी पायरीवर मटकन बसले आणि रडायला लागले. ती उठली. आणि बाबा, काय भडकली म्हणून सांगू! "तार? मेल्या, तार करतोस? आफ्रिकेतली पोस्टकार्डं संपली काय? अकलेचा कांदा! इथे माझा जीव गेला असता म्हणजे काय केलं असतंस, दुसरी तार?" ती तार हातात नाचवत पोळीभर फिरली आणि भेटेल त्याला मराठीतून तुम्हाला झापत राहिली, आणि गुजराती बायका प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिल्या.

कांचनबेन म्हणाल्या, "में तो रडी पण लीधुं!" मी तर रडूनसुद्धा घेतलं! त्यावर पहिली आत्याच हसली. मग काय विचारता! पदर खाली आले, चुली पेटल्या, आंघोळीच्या पाण्यावर पलीकडच्या काकांनी खरंच आंघोळ उरकून घेतली. रडायला जमलेल्या पंधरावीस माणसांना आत्यानं चहा पाजला, डब्यात उरलेला तिळगूळ वाटला, आणि प्रत्येकाला सांगितलं, "माझ्या भावाची तार आली." एवढंच. काय लिहिलंय ते कुणाला सांगितलं नाही. म्हणाली, ते आमचं घरचं आहे.

नैरोबीच्या तारऑफिसातल्या माणसाला हे कुठलं गुप्त कारस्थान वाटलं असेल, त्यानं तुम्हाला काय काय विचारलं असेल, याचा विचार करून आम्ही दोघी रात्री जेवताना पुन्हा हसलो. मी काल राहिले इथेच. वॉर्डनबाईंना विश्रामभाईंनी सांगितलं, की मुलगी तिच्या घरी आहे. वहीत आता काय लिहिणार, त्यांचं त्या बघोत.

आज सकाळी तिनं मला तुमच्यासाठी निरोप लिहायला बसवलं. मे महिन्यात रजा काढून आईनं आणि तुम्ही यायचं. आंबे असतील. गच्चीवर निजायची सोय आहे. पळून जायची भीती असेल तर कोट नैरोबीतच शिवून आणावा. हे सगळं मी तिच्या शब्दांत लिहिलं आहे.

आणि एक गोष्ट तिच्या माघारी लिहिते आहे. दुपारी कांचनबेनबरोबर बाहेर ओट्यावर उभी होते, तेव्हा ती मला कळली. मी त्यांना विचारलं, मी येईपर्यंत तासभर आत्या नुसती बसून होती का? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. म्हणाल्या, नुसती कसली, बोलत होती, त्या बंद तारेशी, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. त्यांना मराठी बोलता येत नाही, पण इतकी वर्षं शेजारी राहून समजतं सगळं. त्यांनी ते मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मी धावत परत आत गेले आणि आत्याला विचारलं, हे खरं का. ती भांडी लावत होती. पाठमोरीच म्हणाली, "दिनाला लिहायचं नाही हं."

तुमच्या तारेतले दोन शब्द तिला वाचून दाखवायच्या आधी, तुम्ही या जगात नाही असं धरून, ती तुम्हाला सांगत होती:

"दिना, चुकलं रे माझं. मी तुला एकदा विचारायला हवं होतं."

तुमची,
निरू